दोन किनाऱ्यांचा मासा आणि नागपूरचा बाजार : मासेमारी बंदीच्या तारखा माशांच्या प्रवासाशी जुळतात का?

कन्हानकाठ, ८ जून

नमस्कार. आज सकाळी मंगळवारी भागातल्या बाजारात मासळी आणायला गेलो होतो. एका पाटीवर सुरमई, पापलेट आणि बोंबील असे तिन्ही मांडलेले होते. हा माल कुठला, असे विचारल्यावर विक्रेत्याने सांगितले, "इकडची बंदी लागली ना साहेब, आता तिकडचा येते." तिकडचा म्हणजे आंध्रचा. घरी येऊन तारखा तपासल्या तेव्हा मी अस्वस्थ झालो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून अशी प्रत्येकी ६१ दिवसांची बंदी असते. याचा अर्थ, जूनच्या पहिल्या चौदा दिवसांत दोन्ही किनाऱ्यांवरच्या यांत्रिक नौका बंद असल्या पाहिजेत. मग माझ्या पिशवीत आलेली सुरमई एक तर शीतगृहातली होती, नाही तर बिगरयांत्रिक होडीने धरलेली होती, नाही तर नियम मोडून आणलेली होती. यांपैकी नेमके काय, हे कळण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता.

माझे प्रश्न दोन आहेत. मासा एका जागी राहत नाही, तो ऋतूप्रमाणे आणि वयाप्रमाणे फिरतो. अशा जिवासाठी अख्ख्या किनाऱ्याला एकच तारीख लावणे योग्य आहे का? आणि दोन्ही समुद्रांपासून रेल्वेच्या एका रात्रीइतके दूर असलेल्या आपल्या गावाने याबाबतीत काही करायचे असते का?

रत्नागिरीहून_सदर, ८ जून

कन्हानकाठ, चांगला धागा काढलात. माझे माहेर रत्नागिरीजवळच्या मासेमारी करणाऱ्या वस्तीत आहे आणि लग्नानंतर गेली एकोणीस वर्षे मी नागपुरातल्या सदर भागात राहते. लहानपणी आमच्याकडे "बंदी" हा शब्दच नव्हता. मे अखेरीस आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, तयारी सुरू व्हायची, होड्या वर ओढून शाकारल्या जायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कुणी जाळे पाण्यात टाकत नसे. उधाणलेल्या समुद्रात जीव जाऊ नये हे त्याचे पहिले कारण होते; मासळी विणीला आलेली असते हे वडीलधाऱ्यांना ठाऊक होते, पण ते दुसरे कारण. सरकारी बंदी ३१ जुलैला संपते आणि नारळी पौर्णिमा पुष्कळदा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येते. तेवढ्या अवधीत पूर्वीचा समुद्र निवांत असे. आता १ ऑगस्टच्या पहाटेच मोठ्या नौका बाहेर पडतात आणि पौर्णिमेपर्यंत थांबणाऱ्या लहान मच्छीमाराच्या वाट्याला उरलेसुरले येते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे आहे : सगळे मासे जून-जुलैतच वितात असे मुळीच नाही. तरीही बंदी हवीच, कारण त्या दोन महिन्यांत समुद्राचा तळ खरवडणारे ट्रॉल थांबतात.

सातपुडा_पायथा, ८ जून

मला बंदी एवढी गुणकारी वाटत नाही. ती मासेमारी कमी करत नाही, फक्त पुढे ढकलते. दोन महिन्यांत वाढलेली पिल्ले ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात एकदम जाळ्यात येतात. नौका किती असाव्यात, त्यांचे इंजिन किती शक्तीचे असावे आणि जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या भोकांचा आकार, किती असावा हे ठरवल्याशिवाय तारखांचा खेळ निरर्थक आहे.

मत्स्यविद्यार्थी, ९ जून

मी इथे तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकतो. समुद्र नसलेल्या गावात मत्स्यविज्ञान कशाला, असे नातेवाईक विचारतात, म्हणून हा धागा पाहून फार आनंद झाला. "मासे फिरतात" हे वाक्य थोडे सुटे करून पाहिले पाहिजे, कारण प्रत्येक मासा वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या अंतरापर्यंत फिरतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे व्यवस्थापनाचा सगळा गुंता तिथेच आहे.

तारली आणि बांगडा यांचे पाहा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, आणि त्यांच्यावर जगणारे थवे किनाऱ्याकडे येतात. याच वर येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे तळाजवळचे मासे व कोळंबी उथळ भागाकडे लोटली जाते. म्हणजे एकाच घटनेमुळे काही जीव अन्नासाठी येतात आणि काही गुदमरून येतात. मच्छीमाराला दोन्ही वेळा जाळे भरलेले दिसते, पण दुसऱ्या वेळी ती विपुलता नसून नुसती गर्दी असते.

तारलीचे आकडे या दृष्टीने फार बोलके आहेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे केरळात २०१२ साली सुमारे चार लाख टन तारली उतरली, आणि २०२१ साली अवघी ३,२९७ टन. एवढी घसरण नुसत्या अतिमासेमारीने होत नाही आणि नुसत्या हवामानानेही होत नाही. २०१५ च्या एल निनोने पाणी तापले, अन्न घटले, आणि उरलेल्या थव्यांतली पिल्लेही धरली गेली. शिवाय १९८० च्या दशकापूर्वी प्रामुख्याने मलबारच्या किनाऱ्याला बांधलेला हा मासा पुढे उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही सापडू लागला. बांगडाही उत्तरेकडे पसरला आहे, आणि पूर्वीपेक्षा खोल पाण्यातही मिळू लागला आहे. ज्या राज्याचे नियम एका माशासाठी केले होते, तो मासाच दुसऱ्या राज्यात राहायला गेला तर काय करायचे, हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही.

याउलट गोबरा आणि खडकांत राहणारे त्याच्यासारखे इतर मासे फारसे दूर जात नाहीत. एक खडक उपसला की तो पुष्कळ वर्षे रिकामा राहतो. त्यांना तारखांची बंदी उपयोगी नाही, त्यांना जागेची बंदी लागते. आणि टूना तर देशांच्या हद्दी ओलांडत जातो; त्याच्यासाठी १९९६ पासून हिंद महासागर टूना आयोग आहे आणि भारत त्याचा सदस्य आहे. गोबऱ्याला खडकाएवढा नियम लागतो, तारलीला तीन-चार राज्यांएवढा आणि टूनाला महासागराएवढा. आपल्याकडे मात्र कायद्याची मुख्य चौकट राज्याच्या सीमेएवढीच आहे.

धरमपेठ_वाचक, ९ जून

फारच छान माहिती. पण मासा कुठून कुठे गेला हे समजते कसे?

मत्स्यविद्यार्थी, ९ जून

अनेक मार्ग आहेत. टूनासारख्या मोठ्या माशाला उपग्रहाशी संपर्क साधणारी खूणपट्टी लावतात. ठरावीक काळाने ती सुटून वर तरंगते आणि साठवलेली माहिती पाठवते. लहान माशाला असे काही लावता येत नाही. त्याच्या कानात चुन्याचा एक बारीक खडा असतो, त्याला ओटोलिथ म्हणतात. झाडाच्या खोडात असतात तशी त्यात वलये असतात. त्यावरून वय कळते, आणि खड्यातील मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून तो मासा आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर खाडीच्या पाण्यात होता आणि कधी समुद्रात गेला याचा अंदाज करता येतो. प्रयोगशाळेत बांगड्याच्या डोक्यातून तो खडा पहिल्यांदा काढला तेव्हा माझे हात थरथरत होते, हे आजही आठवते.

सुकट_वांगी, १० जून

माझे म्हणणे जरा वेगळ्या बाजूचे आहे. बर्फातली सुरमई नागपूरच्या घराघरांत अलीकडे आली. त्याआधी विदर्भाने समुद्र ओळखला तो सुकट आणि सुक्या बोंबलांमधून. आमच्या घरी आई आठवडी बाजारातून सुकट आणून वांग्यात घालत असे, आणि मजुरीच्या दिवसांत तेवढाच प्रथिनांचा आधार होता. त्यामुळे समुद्राशी आपला संबंध नाही असे मानू नये. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. हा जीव पूर्ण वाढला तरी इवलासाच असतो आणि त्याचे आयुष्यही थोडे असते, म्हणून किमान आकाराचा नियम त्याला लागू करण्यात अर्थ नाही. तो बोंबलाचे अन्न आहे. जवळा किती धरावा याचा विचार बोंबलाला सोडून करता येईल का, हे जाणकारांनी सांगावे.

रत्नागिरीहून_सदर, १० जून

नाही करता येणार. बोंबील आणि जवळा दोन्ही मुख्यतः डोल जाळ्यात मिळतात. हे जाळे माशामागे जात नाही. ते एका जागी रोवलेले असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासा त्याच्या तोंडात आणतो. पालघर, मुंबई, रायगडाच्या बाजूला याचे मोठे चलन आहे, आमच्या दक्षिणेकडे कमी. पाण्याची ओढ जोराची असते त्या उधाणाच्या दिवसांत डोल चालते, आणि भरती-ओहोटी मंद असते त्या भांगाच्या दिवसांत डोलकराला फारसे काम नसते. म्हणजे तिथी पाहून आपोआप पाळली जाणारी विश्रांती या पद्धतीत होतीच. बोंबलाचे आणखी एक आश्चर्य असे की तो उत्तर महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर भरपूर आहे, थेट बंगालच्या हुगळीच्या मुखाशीही आहे, पण मधल्या लांबलचक किनाऱ्यावर जवळपास नाही.

वैनगंगेचा_ढिवर, ११ जून

मी भंडारा जिल्ह्यातला आहे, कामानिमित्त नागपुरात असतो. आमच्या समाजाचा धंदा नदी आणि मालगुजारी तलावांचा, म्हणजे गावोगावच्या जुन्या तळ्यांचा; समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या तिसाव्या वर्षी. तरी या धाग्यावर लिहिण्याचा मला हक्क आहे असे वाटते, आणि त्याचे कारण सांगतो.

मृगाचा पहिला पाऊस झाला की मासे पाण्याच्या उलट्या दिशेने चढतात, नाल्यांतून धानाच्या बांध्यांपर्यंत येतात. माझे आजोबा त्या वेळी नाल्याचे तोंड पूर्ण बांधू देत नसत. अर्धे पाणी मोकळे ठेवायचे, कारण चढणारी मादी पोटात अंडी घेऊन चाललेली असते. कोणत्याही अधिसूचनेशिवाय हा नियम गावाने पाळलेला मी पाहिला आहे.

आता समुद्राशी असलेला धागा. आपली कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. नागपूरच्या नाल्यातले पाणी शेवटी पूर्व किनाऱ्यावर पोहोचते. गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा झिंगा नदीत वाढतो, पण त्याच्या पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागते; म्हणून अंडी घेतलेली मादी मुखाकडे उतरते आणि पिल्ले पुढे नदीतून वर चढतात. आजोबा सांगत की त्यांच्या तरुणपणी वैनगंगेत हातभर झिंगे मिळत. मला तसा एकही मिळालेला नाही. खाली धवळेश्वरमचा बंधारा १८५२ पासूनच आहे, सिरोंच्याच्या खाली मेडिगड्डा २०१९ साली झाला, आणि आमच्या डोक्याशी गोसेखुर्द धरण आहे. शेतीला पाणी मिळाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु या भिंती बांधताना चढणाऱ्या जिवाला वाट ठेवायची असते, हे कुणी ढिवराला विचारले असते तर त्याने सांगितले असते.

विशाखा_ते_विदर्भ, ११ जून

ढिवरदादा, गोदावरीच्या मुखाशी याच भिंतीचे दुसरे रूप दिसते. मी नोकरीनिमित्त सहा वर्षे राजमहेंद्रीला होतो. पुराचे गढूळ पाणी उतरू लागले की समुद्रातला पाला, म्हणजे बंगाल्यांचा हिल्सा, गोदावरीत चढतो. नदीत चढलेल्या माशाला तिथे पुलसा म्हणतात आणि एकेका माशाला हजारो रुपये मोजले जातात. तोच मासा समुद्रात धरला तर त्याला ती किंमत नसते. गंगेत हिल्सा पूर्वी अलाहाबादेच्याही वर जात असे. १९७५ साली फरक्का बंधारा सुरू झाल्यावर तो वाटेतच अडला. बांगलादेशात ऑक्टोबरच्या सुमारास विणीसाठी २२ दिवस हिल्सा धरणे पूर्ण बंद असते, आणि ती तारीख आश्विनातल्या पौर्णिमेच्या आसपास बेतलेली असते. सुरुवातीच्या प्रश्नाला हे उदाहरण मला फार समर्पक वाटते, कारण तिथे तारीख माशाची चाल पाहून ठरवली जाते.

धरमपेठ_वाचक, १२ जून

नद्यांची माहिती मोलाची आहे, पण धाग्याचा विषय किनारपट्टीच्या मासेमारीचा आहे. आपण थोडे भरकटतो आहोत का?

कन्हानकाठ, १२ जून

मला तसे वाटत नाही. मुखाशी वाढणाऱ्या माशाचे व्यवस्थापन नदी सोडून करता येणार नसेल, तर नदी विषयातच आहे. ढिवरदादांनी लिहीत राहावे ही विनंती.

कायद्याचा_अभ्यासक, १४ जून

चौकटीबद्दल थोडे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत आहे, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राच्या. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि २०२१ साली त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. अख्खा थवा वेढून खालून आवळल्या जाणाऱ्या पर्ससीन जाळ्यांबाबत सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आले. प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून धरण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५४ प्रजातींचे किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. यात पकडणाऱ्याबरोबर खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यालाही दंडाची तरतूद आहे, हे कन्हानकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

अडचण अशी की केरळने हे आकार आपल्याआधी, २०१५ पासून, ठरवले, आणि प्रत्येक राज्याची यादी, अंमलबजावणी व गस्तीनौका वेगवेगळ्या आहेत. एका राज्यात लहान म्हणून उतरवता न येणारा मासा दुसऱ्या राज्याच्या बंदरात उतरवता येत असेल, तर नियम पाळणाऱ्याचेच नुकसान होते. सिंधुदुर्गाच्या समुद्रात परराज्यांतील वेगवान ट्रॉलर आणि स्थानिक पारंपरिक मच्छीमार यांच्यात होणाऱ्या संघर्षाचे मूळही यातच आहे.

सातपुडा_पायथा, १४ जून

शिवाय मासा कुठे आहे हे सांगणारी यंत्रणा आपण उभी केली. हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहातून पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना रोज देते. मच्छीमाराचे डिझेल वाचते हे मान्य. परंतु ज्या ज्ञानाने थवा सापडतो, त्याच ज्ञानाने "इथे पिल्ले आहेत, आठ दिवस जाऊ नका" असेही सांगता आले पाहिजे.

रत्नागिरीहून_सदर, १५ जून

तुमचे म्हणणे पटते, पण त्या आठ दिवसांची मजुरी कोण देणार तेही बोलू या. बंदीच्या काळासाठी बचत-नि-मदत योजना आहे. मच्छीमाराने वर्षभरात १,५०० रुपये भरायचे, सरकारचे ३,००० मिळून तीन महिने दरमहा १,५०० रुपये हातात येतात. एवढ्यात घर चालत नाही. माझ्या भावाच्या नौकेवरचे खलाशी त्या दिवसांत मिळेल ते काम करतात, आणि माझी वहिनी उन्हाळ्यात वाळवलेली मासळी विकून शाळेची फी भरते. मालवणच्या सागरी अभयारण्याचेच घ्या. १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र घोषित झाले. खडकांतल्या माशांसाठी अशा जागा हव्यात हे मत्स्यविद्यार्थी यांनी वर सांगितलेच आहे, आणि ते खरे आहे. पण स्थानिकांना ते आपले वाटले नाही आणि विरोध कायम राहिला. गस्तीपेक्षा मच्छीमाराचे डोळे समुद्रावर जास्त वेळ असतात. त्याला बाहेर ठेवून आखलेली रेषा पाण्यावरच राहते.

मत्स्यविद्यार्थी, १५ जून

ताई, हे मी वर्गात मांडणार आहे. एक दुरुस्ती मात्र सर्वांच्या लक्षात असावी. किमान कायदेशीर आकार म्हणजे मासा एकदा विलेला असण्याची हमी नव्हे. मच्छीमारांचे नुकसान आणि माशांचे रक्षण यांत काढलेला तो मध्यममार्ग असतो. सुरमई साधारण सत्तर सेंटिमीटरच्या आसपास पहिल्यांदा विणीला येते. आपल्या बाजारात "बरोबर तव्यात बसते" म्हणून मागितली जाणारी छोटी अख्खी सुरमई हे पिल्लूच असते.

सुकट_वांगी, १६ जून

मग जून-जुलैत आपण रोहू, कतला, मरळ खावे असे सुचवावेसे वाटते. ढिवरांच्या तलावांनाही गिऱ्हाईक मिळेल.

मत्स्यविद्यार्थी, १६ जून

तलावातला मासा जरूर खावा. सावध असावे ते फक्त तळ्यात वाढवलेल्या पांढऱ्या कोळंबीबाबत. तिच्या खाद्यात मासळीची भुकटी असते, आणि ती भुकटी पुष्कळदा समुद्रातल्या बारीक मासळीपासूनच बनते.

कन्हानकाठ, १७ ऑगस्ट

दोन महिन्यांनी धागा वर काढतो आहे. आज शिंप्याची पट्टी खिशात घालून बाजारात गेलो. एका पाटीवरची सात पापलेटे विक्रेत्याच्या परवानगीने मोजली. त्यांतली चार पापलेटे तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत बारा सेंटिमीटरची निघाली, म्हणजे साडेतेराच्या आतली. विक्रेते चिडले नाहीत. त्यांनी सांगितले की पेटी बंद येते, वर मोठी आणि खाली लहान असतात, आणि परत करायची सोय नसते. "तुम्ही लोक लहान घेत नाही म्हणाल तर मी दलालाला तसं सांगू शकतो, पण एकट्या तुमच्या सांगण्यानं नाही," हे त्यांचे शब्द. मी ती चार घेतली नाहीत, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी लगेच घेतली.

वैनगंगेचा_ढिवर, १७ ऑगस्ट

दलालाला सांगणारे किती लागतील ते त्या भाऊंना विचारून घ्या. भोईपुऱ्यात माझे दोन नातेवाईक मासळी विकायला बसतात, त्यांच्याशी मी बोलतो.

रत्नागिरीहून_सदर, १८ ऑगस्ट

पुढच्या रविवारी मीही पट्टी घेऊन येते. उद्या नारळी पौर्णिमा आहे, माहेरी भावाची होडी उद्या पाण्यात उतरेल. पेटीत खाली काय भरले जाते ते त्याला आज रात्री विचारते आणि इथे लिहिते.